मंगळवारचं पाणी

मेधानं इमलीवाल्या गल्लीवर हिरवी टाचणी टोचली आणि दोन पावलं मागं सरकून नकाशाकडं पाहिलं. वॉर्डाचा तो नकाशा नववीच्या मुलांनी कार्डशीट जोडून काढला होता आणि प्रत्येकानं आपलं घर रस्त्यापेक्षा मोठं काढलं होतं. नारायणगुड्याच्या चौकापासून पार रुळांपर्यंत लाल-पिवळ्या टाचण्यांचा नुसता गोवर उठला होता. तीन दिवसांत नळाला पाणी आलं असेल तर हिरवी, आठवड्याभरात आलं असेल तर पिवळी, त्यापलीकडं लाल, असा नियम होता. हिरवी ही पहिलीच.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

भाग्यलक्ष्मी बाकाजवळ उभी होती. ती मराठी वाचायची ते एकेक अक्षर चाचपत, आणि बोलायची मात्र धबधब्यासारखी. "आमच्या गल्लीत परसों नल्ल्याला पाणी आलतं, असं आजी बोलली."

"नल्ला नाही, नळ. आलतं नाही, आलं होतं. आणि परसों नाही, परवा."

"हौ टीचर."

"परसों म्हणजे परवाच ना?"

"हौ टीचर, परवाच." भाग्यलक्ष्मीनं मान डोलावली. शुद्ध मराठीत परसोंला परवा म्हणतात, हे तिनं त्याच क्षणी शिकून घेतलं.

निवडणुका तोंडावर आल्या होत्या. मत मागायला दारात येणाऱ्याला तुम्ही काय विचाराल, हे मुलांनी आपापल्या गल्लीत विचारून यायचं आणि ते शाळेच्या ब्लॉगवर मराठीत लिहायचं, असा मेधाचा प्रकल्प होता. कुणी रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल लिहून आणलं, कुणी कुत्र्यांबद्दल. उदयच्या आजोबांना उमेदवाराला एवढंच विचारायचं होतं की, बाबा, तुझा भोंगा कधी बंद होणार. पाणी मात्र सगळ्यांच्याच उत्तरात होतं, म्हणून नकाशा पाण्याचा.

शाळा मराठी माणसांनी काढलेली, पण दारावरच्या पाटीत 'इंग्लिश मीडियम' ही अक्षरं आता शाळेच्या नावापेक्षा ठळक झाली होती. मराठीचे आठवड्यातून तीन तास उरले होते आणि तेही संगणकाला द्यावेत, असं संस्थेच्या प्रत्येक बैठकीत कुणी ना कुणी सुचवायचंच. नवऱ्याच्या, हर्षदच्या, मादापूरच्या नोकरीपायी पुण्याहून इथं निजामाच्या शहरात आलेल्या मेधाला ते तीन तास जीव की प्राण होते. ब्लॉग ही तिचीच युक्ती. मराठीही झाली आणि संगणकही झाला, एका दगडात दोन पक्षी.

मुलांची भाषा ऐकून सुरुवातीला ती कानांवर हात ठेवायची. तिचे वडील पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. लग्नाची पत्रिका घरी आली तरी वधूवरांची नावं वाचण्याआधी त्यातल्या चुकांना गोल करायचे. त्यांचं लाल पेन तिच्या पर्समध्ये असे. ते गेल्यावर घरातली दुसरी कुठलीच वस्तू तिनं मागितली नव्हती. शाळेत पहिल्या दिवशी मुख्याध्यापिका कुसुमताईंनी आईवडिलांची चौकशी केली, तेव्हा तिनं वडील वारल्याचं वर्ष, महिना आणि तारीख सांगितली होती, अर्जात लिहावं तशी. कुसुमताईंनी तारीख विचारली नव्हती.

त्या संध्याकाळी भाग्यलक्ष्मीची नोंद ब्लॉगवर टाकताना मेधा 'परवा'पाशी अडली. वाचणारा आज वाचेल नाही तर पुढच्या महिन्यात वाचेल. त्याला कोणता परवा समजायचा? माहिती कशी नेमकी हवी. आज गुरुवार, म्हणजे परवा मंगळवार. तिनं लिहिलं: 'इमलीवाल्या गल्लीत मंगळवारी नळाला पाणी आले.' खाली भाग्यलक्ष्मीचं नाव आणि रिबिनी बांधलेला फोटो. दुसऱ्या दिवशी भाग्यलक्ष्मीनं संगणकावर आपला फोटो पाहिला, नाव अक्षर अक्षर लावून वाचलं, आणि वरचं वाचायचं राहूनच गेलं.

ब्लॉग नावाजला. अमेरिकेत गेलेल्या जुन्या विद्यार्थ्यांनी खाली लांबलचक कौतुक लिहिलं. कुसुमताईंनी मेधाला बोलावून चहा पाजला आणि यंदा बैठकीत तुझ्या तासांना कुणी हात लावणार नाही, असं सांगितलं. एका उमेदवाराच्या कचेरीतले सफारीवाले गृहस्थही येऊन गेले. मुलं किती जागरूक आहेत, असं म्हणाले आणि नकाशा आणि मुलांच्या नोंदी असलेल्या पानाची छापील प्रत मागून घेऊन गेले. मेधानं ती आनंदानं दिली.

त्यानंतर भाग्यलक्ष्मी उशिरा येऊ लागली.

उन्हामुळं शाळा अर्ध्या दिवसाची झाली होती. सकाळी लवकर भरायची आणि बाराला सुटायची. पहिल्या दिवशी मेधानं तिला नुसतं रागावलं. दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर उभं केलं. पुढच्या खेपेला पोरगी अर्धा तास उलटून गेल्यावर आली, गणवेशावर कालचाच शाईचा डाग घेऊन, आणि न सांगताच दाराबाहेर आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. ते पाहून मेधाला चरचरलं. ती बाहेर आली.

"काय चाललंय तुझं?"

"पाणी आणायला गेलते टीचर. मशिदीच्या बोरिंगवर. लाइन लई मोठी असती."

"तुमच्याकडं तर नळाला पाणी येतं."

भाग्यलक्ष्मीनं वर्गातल्या नकाशाकडं बघितलं, मग आपल्या चपलांकडं. टँकर बंद झाला, ती म्हणाली. दोन दिवसांआड यायचा, तो आता पलीकडच्या गल्लीला जातो. या गल्लीत मंगळवारी नळ आलाय, ऑफिसातल्या कागदावर तसं आहे, असं टँकरवाला बोलला.

"मग ते खोटं आहे का? तूच लिहून आणलंस ना?"

"खोटं नाही टीचर. आजी खोटं बोलत नाही."

मेधाच्या मनात यायचं ते आलंच. पोरीनं कुणाला विचारलं-बिचारलं नाही, घरी बसून ठोकून दिलं. एवढ्या मेहनतीनं उभं केलेलं काम एका आळशी ओळीनं खोटं ठरणार, या विचारानं तिला रागही आला आणि धास्तीही वाटली. शाळा सुटल्यावर ती भाग्यलक्ष्मीबरोबरच निघाली.

इमलीवाल्या गल्लीत चिंच नावापुरतीच उरली होती. तिच्या बुंध्याभोवती रिकामे घडे आणि प्लास्टिकचे ड्रम नंबर लावून ठेवले होते, टँकर येत नसतानाही. नंबर मोडला तर पुन्हा भांडणं नकोत म्हणून, भाग्यलक्ष्मीनं सांगितलं. एका दारातली बाई मेधाला खालपासून वरपर्यंत बघत म्हणाली, "तुमीच का त्या मंगळवारवाल्या टीचरम्मा?"

भाग्यलक्ष्मीचे वडील सिकंदराबादला रेल्वेच्या कारखान्यात कामाला होते आणि आई शिवणाच्या दुकानात. दुपारी घरी असायची ती फक्त आजी, मालनबाई. उदगीरकडच्या, लग्न होऊन या गल्लीत आलेल्या आणि इथंच म्हाताऱ्या झालेल्या. त्यांनी सतरंजी झटकून टाकली, बैसा म्हणाल्या आणि मेधानं नको म्हणायच्या आत पाण्याचा पेला पुढं केला. मेधा उन्हातून आली होती. घटाघट प्यायली, आणि पेला खाली ठेवताना तिला घरातली एकुलती घागर दिसली. ती भिंतीला तिरपी टेकवून ठेवली होती, तळाचं पाणी एका बाजूला यावं म्हणून.

ती नजर वळवून कामाचं बोलली. "आजी, भाग्यलक्ष्मीनं तुम्हाला विचारलं होतं ना, नळाला पाणी केव्हा आलं म्हणून?"

"हौ, इचारली की."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, परसों आलतं म्हणून." मालनबाईंनी दाराबाहेर बोट केलं. पायरीशी एक तोटी होती, गंजून तांबडी झालेली, तिच्या तोंडात कुणीतरी चिंधी कोंबली होती. "मालकांनीच लावून घेतला हा नल्ला. ऑफिसात खेटे घालून घालून. पाणी आलं तर सगळ्यात आधी त्यांनीच डोकं घातलं खाली, लेकरागत."

मेधाला थोडं हायसं वाटलं. म्हणजे पाणी आलं होतं, साक्षीदारही होता. "मालक कुठं आहेत? त्यांच्याशी बोलता येईल?"

"मालक परसों गेले की," मालनबाई म्हणाल्या.

मेधा ताडकन उठून उभी राहिली. मालनबाईंची मोकळी मनगटं तिला आत्ता दिसली, मोकळं कपाळही. परवा ज्या घरातला माणूस गेला, त्या घरात ती पाण्याचा जाब विचारायला आली होती, पाणी पिऊन बसली होती. आणि ही पोर काही बोलली नाही. शाळेत आली, दाराबाहेर उभी राहिली.

"मला खरंच माहीत नव्हतं," ती कशीबशी म्हणाली. "भाग्यलक्ष्मी, तू सांगायचं नाहीस का?"

भाग्यलक्ष्मी गोंधळली. तिनं आजीकडं बघितलं, मग मेधाकडं. "टीचर, मी तिसरीत होते तवा."

बाहेर कुणाचा तरी ड्रम वाऱ्यानं आडवा झाला आणि गडगडत गेला. मालनबाई दारातून डोकावून, तो कुणाचा ते बघून, परत येऊन बसल्या.

"म्हणजे परसों..." मेधानं वाक्य अर्धंच सोडलं.

"काल नाही झालं ते परसों," मालनबाई म्हणाल्या. त्यांना यात समजावण्यासारखं काही दिसत नव्हतं. "मालक होते तवर पाणी येत होतं. मंग नाही आलं."

हळूहळू मेधा खाली बसली. आपल्याच हातानं आपण काय करून बसलो, ते आता तिच्या डोळ्यांपुढं लख्ख उभं राहिलं. म्हातारी खरं बोलली होती, पोरीनं खरं लिहून आणलं होतं. मंगळवार तेवढा मेधाचा होता.

कुसुमताईंनी सगळं ऐकलं आणि त्या डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. त्यांचा जन्मच इथला. माझे सासरेही निजाम परसों गेला म्हणायचे, मला एका शब्दानं विचारायचंस, म्हणाल्या. मग हसू आवरून त्यांनी शाळेच्या नावाचा कागद पुढं ओढला, आणि संस्थेची बैठक आठवून तिथं त्यांचा हात थबकला. तो कोराच मेधाच्या हाती देत, काय लिहिशील, ते जपून लिही, एवढंच त्या बोलल्या.

पाण्याच्या ऑफिसातला अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्यानं पंखा मेधाकडं वळवला आणि फायलीतून ब्लॉगचं पान, सफारीवाल्यांनी नेलेलं तेच, काढून दाखवलं. 'मंगळवारी' या शब्दाखाली कुणीतरी रेघ ओढली होती. तोंडी तक्रार असती तर दुर्लक्ष केलं असतं, तो म्हणाला, पण शाळेनं वार घालून छापलेलं, त्यापुढं मी काय करू. टँकर थोडे, गल्ल्या ढीगभर. मग त्यानं आवाज खाली आणला.

"मॅडम, एक ओळ लिहून द्या. मुलीनं चुकीचं लिहिलं, बस. बच्ची आहे, कुणी मनावर घेणार नाही, उद्याच टँकर सोडतो. तुमची चूक म्हणाल तर कागद वर जाईल. आचारसंहिता आहे. शाळेनं असं कुणासाठी छापलं, हे विचारतील."

मेधानं पर्समधून लाल पेन काढलं. मुलीची चूक म्हटलं की काम फत्ते होतं. टँकर उद्या, मराठीचे तास जागच्या जागी, आणि भाग्यलक्ष्मीला तर कळणारही नाही, कारण तिला ते धड वाचताच येणार नाही. हा शेवटचा विचार मनात आला आणि मेधाला स्वतःची लाज वाटली.

तिनं लाल पेन परत ठेवलं आणि अधिकाऱ्याच्या टेबलावरचं निळं मागून घेतलं. लिहिलं की विद्यार्थिनीनं आणलेली माहिती बरोबर होती, शिक्षिकेनं ती बदलून वार घातला, आणि या गल्लीत कैक वर्षं नळाला पाणी आलेलं नाही. खाली आपलं पूर्ण नाव लिहून सही केली. अधिकाऱ्यानं ते वाचलं, सुस्कारा टाकला आणि कागदावर शिक्का मारला.

त्याच संध्याकाळी तिनं ब्लॉगवर आपली ओळ खोडली आणि भाग्यलक्ष्मीची ओळ, तिनं वाचली होती तशी, एक कानामात्रा न बदलता घातली: 'आमच्या गल्लीत परसों नल्ल्याला पाणी आलतं, असं आजी बोलली.' खाली, हा परसों किती लांबचा असतो आणि आपल्याला तो कसा कळला नाही, हे थोडक्यात लिहिलं. सकाळी वर्गात हिरवी टाचणी काढून तिथं लाल टोचली. मुलांनाही सगळं सांगितलं. उदय म्हणाला की टीचर, आमच्या घरीही परसों असंच असतं, मग आम्हाला का नाही विचारलं?

कागद वर गेलाच. संस्थेची बैठक झाली. निवडणूक होईपर्यंत ब्लॉग बंद, आणि मराठीच्या तासांचं जूनमध्ये बघू, असं ठरलं. जूनमध्ये बघू याचा अर्थ काय, हे शाळेतल्या शिपायालाही माहीत होतं. कुसुमताईंनी त्या दिवशीही चहा मागवला.

टँकरला मात्र आठवडा लागला. एका दुपारी शाळा सुटताना भाग्यलक्ष्मी मेधाजवळ येऊन उभी राहिली. "टीचर, आजी बोलावून राहिली. टँकर आलाय."

गल्लीत पोचेपर्यंत टँकर निघूनही गेला होता. चिंचेखाली चिखल झाला होता आणि त्यात बारकी पोरं नाचत होती. मंगळवारवाल्या टीचरम्मा आल्या, असं कुणीतरी म्हणालं, पण या खेपेला त्यात हसू होतं. मालनबाईंच्या दारात घागर सरळ उभी होती, काठोकाठ भरलेली. त्यांनी मेधाला पायरीवरच बसवून घेतलं आणि चहा ठेवायला सांगितलं. आपल्यासाठी एक बाई ऑफिसात जाऊन आली, याचं त्यांना फार अप्रूप वाटलेलं दिसलं. त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं. पुण्यात थंडी पडते का, सासू कुठं असते, माहेरी कोण कोण आहे.

"आई आहे, भाऊ आहे."

"आन् वडील?"

मेधानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. वर्ष, महिना, तारीख, सगळं जिभेवर होतं, नेहमी असायचं तसं. समोर गंजकी तोटी होती, चिंधी कोंबलेली. वडील चष्मा कपाळावर सरकवून कुणाची तरी पत्रिका उन्हाकडं धरताहेत, असं तिला दिसलं. अगदी आत्ताच कुणी हाक मारून उठवल्यासारखे ते दिसले.

"वडील परसों गेले," ती म्हणाली.

चहाचे कप घेऊन आलेली भाग्यलक्ष्मी दारातच थांबली. तिनं शिकलेलं तिला बरोब्बर आठवलं.

"टीचर, परसों नाही. परवा."

"राहू दे गं," मालनबाई म्हणाल्या, "परसोंच गेलेत." किती वर्षं झाली, ते त्यांनी विचारलं नाही. घागरीतून तांब्या भरून त्यांनी मेधाच्या पुढं ठेवला, तोंड धुवायला.